नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालय आणि परभणी जिल्हा

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेले आणि पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासात जेवढे महत्त्वाचे आहे, तेवढेच ते परभणी जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासातही आहे. कारण या जिल्ह्यातील बौद्ध समाजाच्या पदवीधरांची पहिली पिढी मुख्यत्वे याच महाविद्यालयाच्या वर्गांतून आणि वसतिगृहांतून तयार झाली. या इतिहासात ‘परभणी जिल्हा’ असा उल्लेख येतो तेव्हा आजचे नऊ तालुके डोळ्यांसमोर ठेवून भागत नाही. १९८१ साली नव्याने झालेल्या जालना जिल्ह्यात गेलेला परतूर तालुका आणि १ मे १९९९ रोजी स्वतंत्र झालेला हिंगोली जिल्हा हे दोन्ही प्रदेश त्या काळी परभणीतच मोडत असत, आणि वसमत, कळमनुरी किंवा परतूरकडून येणारा विद्यार्थीही महाविद्यालयाच्या दप्तरी परभणीचाच म्हणून नोंदला जात असे.

महाविद्यालय निघाले तेव्हाची शैक्षणिक परिस्थिती लक्षात घेतल्याशिवाय त्याचे महत्त्व ध्यानी येणार नाही. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानातील शिक्षणाची सर्व मांडणी हैदराबाद शहराभोवती झालेली होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा प्रयोग केला. तो देशी भाषेतून ज्ञानव्यवहार करण्याचा प्रयोग म्हणून निःसंशय धाडसी होता; परंतु घरी मराठी बोलणाऱ्या आणि उर्दूशी केवळ तहसील कचेरीत गाठ पडणाऱ्या खेड्यातील मुलाला त्याचा लाभ होण्याचा संभव फारच थोडा होता. त्यातही अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलाला दोन दारे ओलांडावी लागत, एक भाषेचे आणि दुसरे गावातील शाळेचे, जिथे त्याला वर्गाबाहेर किंवा दाराशी बसवण्याची रीत अनेक ठिकाणी होती. मराठवाड्यात पदवीपर्यंतच्या शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. ज्याला पदवी घ्यायची त्याने हैदराबाद गाठावे किंवा संस्थानाची हद्द ओलांडून पुण्या-मुंबईकडे जावे, आणि या दोन्ही गोष्टी सालदाराच्या किंवा येसकराच्या मुलाच्या आवाक्यातल्या नव्हत्या. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतमजूर आणि येसकर म्हणजे गावकीची कामे वतन म्हणून करणारा महार.

अशा परिस्थितीतही संस्थानातील अस्पृश्यांमध्ये जागृती होत होती. औरंगाबाद जिल्ह्यातील कन्नडजवळ मक्रणपूर येथे ३० डिसेंबर १९३८ रोजी भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते, आणि त्या परिषदेची स्मृती मराठवाड्यात आजही जपली जाते. पुढच्या दहा वर्षांत रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या राजवटीची बाजू घेणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, काळ आला, सप्टेंबर १९४८ मधील भारत सरकारची पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात विलीन झाले. या घडामोडींत गावोगावच्या समाजांचे परस्परसंबंध पार विसकटले होते. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात हिंदू, मुसलमान आणि अस्पृश्य विद्यार्थी एका बाकावर बसले ते या पार्श्वभूमीवर, केवळ दोन वर्षांच्या अंतराने, ही गोष्ट महाविद्यालयाच्या इतिहासाची मांडणी करताना सहसा दुर्लक्षिली जाते.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना डॉ. आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी मुंबईत केली होती. त्यानंतर वर्षभरातच, जून १९४६ मध्ये, लष्कराने मोकळ्या केलेल्या बराकींत मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. सोसायटीचे दुसरे मोठे महाविद्यालय मुंबई इलाख्यातील एखाद्या सधन शहरात काढता आले असते आणि ते आर्थिकदृष्ट्या सोयीचेही झाले असते. परंतु बाबासाहेबांनी औरंगाबादची निवड केली, कारण मागासलेल्या प्रदेशातील मागासलेल्या वर्गाला प्राथमिक शाळांइतकीच उच्च शिक्षणाची निकड आहे अशी त्यांची धारणा होती. साक्षरता पसरली, पण अधिकाराच्या जागी बसू शकणारी माणसे निर्माण झाली नाहीत, तर समाजाची स्थिती पालटत नाही, हा त्यांचा जुना विचार होता, आणि औरंगाबादचे महाविद्यालय हे त्या विचाराचे मराठवाड्यातील प्रत्यक्ष रूप होते. हैदराबाद सरकारकडून कर्जरूपाने मिळालेली मदत आणि शहराच्या वायव्येला, औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराकडे जाणाऱ्या बाजूची विस्तीर्ण जमीन यांच्या आधारावर संस्थेची उभारणी झाली. मुख्य इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसवण्यात आली. बाबासाहेब तेव्हा केंद्रीय विधिमंत्री होते, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मंत्रिमंडळातून बाहेर पडल्यावर त्यांचे औरंगाबादेकडील लक्ष वाढले, आणि इमारतीच्या बांधकामापासून प्राध्यापकांच्या नेमणुकांपर्यंतच्या बाबी ते स्वतः पाहत असत.

संस्थेचा कारभार ज्यांच्या हाती होता त्या माणसांकडे पाहिले तर ती एका जातीची किंवा एका प्रांताची संस्था म्हणून उभी राहिली नव्हती हे स्पष्ट होते. प्राचार्य म. भि. चिटणीस हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातील, मुंबईकडच्या वळणाचे आणि बाबासाहेबांच्या निकटच्या विश्वासातील होते. वसतिगृह आणि परिसराची व्यवस्था पाहणारे बळवंत हणमंतराव वराळे हे निपाणीकडचे. धारवाडच्या विद्यार्थी वसतिगृहाचा दीर्घ अनुभव गाठीशी बांधून ते औरंगाबादेस आले होते, आणि मराठी व कानडी अशा दोन्ही मुलखांत त्यांचा वावर झालेला होता. दलित समाजातील पदवीधर तेव्हा मोजकेच असल्यामुळे प्रारंभीचा अध्यापकवर्ग बव्हंशी इतर समाजांतून आलेला होता. बाबासाहेबांनी जातीपेक्षा विद्वत्तेला प्राधान्य दिले, असे याचे वर्णन केले जाते आणि ते खरेही आहे. तथापि त्यामागे एक व्यवहारी विचारही असावा. गावात ज्या वर्गाचा मनुष्य केवळ हुकूम देण्यासाठी समोर येत होता, त्याच वर्गाच्या प्राध्यापकाला वर्गात प्रश्न विचारण्याची मुभा मिळणे, हाच महारवाड्यातून आलेल्या मुलाच्या शिक्षणाचा पहिला पाठ होता.

महाविद्यालयाला मिलिंद हे नाव आणि परिसराला नागसेनवन हे नाव बाबासाहेबांनी विचारपूर्वक दिले. मिलिंद म्हणजे मिनँडर, हा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील यवन, म्हणजे ग्रीक वंशाचा, राजा होता आणि सागल, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील सियालकोट, ही त्याची राजधानी होती. नागसेन हे त्याच्याशी वाद करणारे बौद्ध भिक्खू. या दोघांच्या संवादाचा ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ बौद्ध परंपरेत फार मानला जातो. पाली ही ज्या भाषेत थेरवादी बौद्धांचे धर्मग्रंथ जतन झाले ती प्राचीन भाषा. या ग्रंथाच्या आरंभी राजाने चर्चेची इच्छा दर्शवल्यावर नागसेन त्याला विचारतात की चर्चा पंडितांच्या रीतीने करायची की राजांच्या, कारण पंडितांच्या चर्चेत एखाद्याचे म्हणणे खोडले गेले तरी तो रागावत नाही आणि राजांच्या चर्चेत मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा होते. राजा पंडितांची रीत पत्करतो आणि मगच संवाद पुढे जातो. त्याआधी, रथ म्हणजे नेमके काय, चाक की आस की जू, या प्रश्नोत्तरातून मनुष्याच्या ठायी कायमचा असा ‘आत्मा’ दाखवता येत नाही हे नागसेन राजाच्याच तोंडून वदवून घेतात. परदेशी वंशाचा राजा आणि भारतीय भिक्खू, सत्ताधारी आणि अकिंचन, यांच्यातील बरोबरीच्या वादाचे नाव ज्या संस्थेला द्यावेसे वाटले, तिच्याकडून संस्थापकाची अपेक्षा काय होती हे वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही मिलिंद महाविद्यालयाला ‘बौद्ध महाविद्यालय’ म्हणताना थोडी सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. महाविद्यालय सुरू झाले तेव्हा बाबासाहेबांच्या धर्मांतराला अद्याप सहा वर्षे अवकाश होता. अभ्यासक्रम आधी उस्मानिया विद्यापीठाचा आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्या विद्यापीठाचा होता. प्रवेशाला धर्माची किंवा जातीची अट नव्हती, आणि धार्मिक शिक्षण हा अध्यापनाचा भाग नव्हता. विहारातील भिक्खूंच्या पाठशाळेशी किंवा श्रीलंकेतील परिवेणांशी, म्हणजे विहाराला जोडलेल्या विद्यालयांशी, त्याची तुलना करता येणार नाही. बौद्ध विचार येथे आला तो नावांमधून, पालीच्या अध्ययनातून, बुद्धजयंतीसारख्या प्रसंगांतून आणि मुख्यतः सहजीवनाच्या शिस्तीतून. या शेवटच्या गोष्टीचा परिणाम परभणीच्या विद्यार्थ्यांवर सर्वांत खोल झाला, असे या इतिहासाच्या आधारे म्हणता येते.

परभणीहून औरंगाबादेस येण्याचा मार्ग रेल्वेचा होता. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सांध्यावर निजामाच्या राज्यात गोदावरीच्या खोऱ्यातून टाकलेला मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांचा, लोहमार्ग परभणी जिल्ह्याला मधोमध छेदून जातो, आणि पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू व परतूर ही त्यावरील स्थानके. १९९० च्या दशकात रुंद रूळ येईपर्यंत जिल्ह्यातील विद्यार्थ्यांची ये-जा याच गाडीने चाले. जिंतूर, पाथरी, गंगाखेड या भागांतील खेड्यांतून निघालेला मुलगा बैलगाडीने किंवा पायी स्थानकापर्यंत येई, आणि वळकटी, पत्र्याची पेटी व आठ-दहा दिवस पुरतील अशा कडक भाकरी व चटणी असा जामानिमा घेऊन गाडीत बसे. पूर्णा हे जंक्शन असल्यामुळे तेथे मोठी रेल्वे वसाहत होती आणि रेल्वेत नोकरीला लागलेल्या दलित कामगारांची वस्तीही होती. नियमित पगार असलेल्या या कुटुंबांतील मुलांना शाळा लवकर लाभली आणि महाविद्यालयाची वाटही तुलनेने लवकर सापडली. शेतमजुरी करणाऱ्या घरांतील मुलांना ती सापडायला आणखी काही वर्षे जावी लागली.

नागसेनवनातील वसतिगृहांत मराठवाड्याच्या पाचही जिल्ह्यांतील विद्यार्थी एकत्र येत, आणि त्यांच्याबरोबर खानदेश व विदर्भातीलही. आज हा सर्व प्रदेश एका राज्यात आणि एका भाषेत मोडत असल्यामुळे त्यांच्यातील अंतर जाणवत नाही. परंतु १९५० च्या दशकात नांदेडच्या देगलूर-बिलोली भागातून येणाऱ्या मुलाच्या घरी तेलुगू बोलली जाई, उदगीर-निलंग्याकडच्या मुलाच्या बोलीत कानडीची भर असे, जुन्या शहरातील मुसलमान विद्यार्थी दखनी बोलत आणि हिंगोलीकडचा विद्यार्थी वऱ्हाडीच्या जवळची मराठी बोले. परभणीच्या मुलाचे ‘काय करायलास’ ऐकून विदर्भाकडचा मुलगा हसे आणि त्याचे ‘काय करून राहिला’ ऐकून परभणीकर हसत. या थट्टेमस्करीतून हळूहळू एक मध्यम मराठी तयार होई, जी पुढे या विद्यार्थ्यांच्या भाषणांत आणि लेखनात दिसते. जेवणाच्या बाबतीतही हेच. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्याला भात दुपारपर्यंतही पुरत नसे, आणि भातावर वाढलेल्याला रोजची भाकरी जड जाई. मेसच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सामाईक भोजनगृहाच्या, हिशेबावरून आणि भाकरीच्या आकारावरून होणारे वाद हा वसतिगृहजीवनाचा नित्याचा भाग होता.

या वादांना महत्त्व देण्याचे कारण असे की, वसतिगृहातील पंगत ही अनेक विद्यार्थ्यांच्या आयुष्यातील पहिली अशी पंगत होती जिच्यात कोणी कोणापासून दूर बसत नव्हते. गावच्या शाळेत पाणी पिण्यासाठी शिपायाची किंवा एखाद्या सवर्ण मुलाची वाट पाहावी लागत असे, कारण रांजणाला हात लावण्याची परवानगी नसे; वरून ओतलेले पाणी ओंजळीत घ्यायचे, हा नियम लहानपणीच अंगवळणी पडलेला असे. नागसेनवनात त्याच मुलाने स्वतः पेला बुडवायचा होता. ही सवय जडण्यास वेळ लागे, आणि सवलत म्हणून मिळालेली गोष्ट हक्क म्हणून वापरण्यास त्याहूनही अधिक वेळ लागे. मात्र वसतिगृहात आदर्श समता नांदत होती असे लिहिणे इतिहासाला धरून होणार नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींमध्येही परस्परांत उच्चनीचता होती. महार विद्यार्थ्यांची संख्या मोठी असल्यामुळे मातंग आणि इतर लहान समाजांतील विद्यार्थ्यांना परकेपणा वाटण्याचा संभव होता, आणि या समाजांना महाविद्यालयाचा लाभ त्या मानाने कमी झाला हे मान्य करावे लागते.

वसतिगृहाची आर्थिक बाजू शिष्यवृत्तीवर अवलंबून होती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी मिळणारी शिष्यवृत्ती १९४४ पासून अस्तित्वात होती, आणि तिच्याविना मराठवाड्यातील दलित विद्यार्थ्याचे महाविद्यालयात टिकणे अशक्यप्राय होते. परंतु शिष्यवृत्तीची रक्कम सत्र सुरू होऊन बरेच महिने लोटल्यावर हाती पडे, तोवर मेसची बिले थकत, आणि वसतिगृहाचा कारभार पाहणाऱ्यांना किराणा दुकानदाराची समजूत घालत दिवस काढावे लागत. धर्मांतरानंतर यात आणखी एक अडचण उद्भवली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यांच्यामागून मराठवाड्यातील महार समाजाने मोठ्या संख्येने धर्मांतर केले. परंतु अनुसूचित जातींच्या सवलती कायद्याने त्या काळी बौद्धांना लागू नव्हत्या. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती नवदीक्षित बौद्धांना दिल्या, आणि केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली ती १९९० साली. या मधल्या काळात अर्जावर कोणता धर्म लिहावा या प्रश्नाने अनेक पालकांची आणि विद्यार्थ्यांची मनःस्थिती द्विधा केली. बौद्ध म्हणून लिहावे तर केंद्राच्या सवलती जातात, आणि न लिहावे तर घेतलेल्या दीक्षेला बाध येतो, अशा पेचात सापडलेल्या घरांतून ज्यांनी ‘बौद्ध’ असेच लिहिले त्यांनी दिलेली किंमत आज आकड्यांत सांगता येणार नाही.

अध्यापनाच्या बाबतीत महाविद्यालयापुढील सर्वांत बिकट प्रश्न भाषेचा होता. पहिल्या काही तुकड्यांतील पुष्कळ विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण उर्दूतून झालेले होते, घरची भाषा मराठी होती आणि महाविद्यालयातील बरेचसे अध्यापन इंग्रजीतून चाले, त्यामुळे एकाच विद्यार्थ्याला तीन लिप्यांशी झुंजावे लागे. इतिहासाची किंवा अर्थशास्त्राची टिपणे काही जण उर्दू लिपीत उतरवून घेत आणि संध्याकाळी खोलीतील सोबत्याच्या मदतीने ती इंग्रजीत आणत. येथे मुसलमान आणि दलित विद्यार्थ्यांचे हितसंबंध एकमेकांशी जुळले, कारण उर्दूत तयार असलेला मुसलमान विद्यार्थी आणि नव्याने मराठी शाळेतून आलेला दलित विद्यार्थी यांना एकमेकांची गरज होती. अशा एकत्र अभ्यासाला कोणी धर्मसमन्वय असे भारदस्त नाव दिले नाही. परीक्षा उत्तीर्ण व्हायची होती, एवढेच त्यामागचे कारण होते, आणि म्हणूनच कदाचित ते टिकले. उस्मानिया विद्यापीठाने १२ जानेवारी १९५३ रोजी बाबासाहेबांना सन्माननीय डी. लिट्. ही पदवी दिली, तेव्हा औरंगाबादचे त्यांचे महाविद्यालय त्याच विद्यापीठाशी संलग्न होते, ही गोष्ट या संदर्भात नमूद करण्याजोगी आहे.

वर्गाबाहेरील शिक्षणात रंगभूमीचे आणि साहित्याचे स्थान मोठे होते. प्राचार्य चिटणीसांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक, ज्यात अस्पृश्यांच्या वाट्याला युगानुयुगे आलेल्या अन्यायाचा पट मांडला आहे, १९५५ मध्ये महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर सादर केले, आणि नागपूरच्या दीक्षासोहळ्याच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीच्या इतिहासात या नाटकाची गणना आरंभीच्या कृतींत होते. लेखक कायस्थ, नट बहुतांशी दलित आणि प्रेक्षकांत सर्व समाजांचे लोक, ही त्या प्रयोगाची रचना महाविद्यालयाच्या एकंदर रचनेशी जुळणारी होती. पुढे डॉ. म. ना. वानखेडे यांच्या प्राचार्यपदाच्या काळात साहित्यविषयक चळवळीला नवे वळण लागले. वानखेडे अमेरिकेत अभ्यास करून आले होते आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय त्यांनी नागसेनवनातील तरुणांना करून दिला. त्यामुळे परभणीच्या किंवा बीडच्या खेड्यातून आलेल्या मुलाला प्रथमच हे उमगले की आपल्या वाट्याला आलेले जगणे साहित्याचा विषय होऊ शकते, आणि समुद्रापलीकडे ते झालेलेही आहे. त्यातूनच १९६७ मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादकत्वाखाली ते ‘अस्मितादर्श’ या नावाने दलित साहित्याचे प्रमुख मुखपत्र बनले. पानतावणे हे याच महाविद्यालयात मराठीचे अध्यापक होते. ‘आठवणींचे पक्षी’ या १९७९ साली प्रकाशित झालेल्या आत्मकथनाचे लेखक प्र. ई. सोनकांबळे हेही नागसेनवनाशी संबंधित होते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात हे मिलिंदचे विद्यार्थी. मात्र माजी विद्यार्थ्यांच्या नामावळीवरून महाविद्यालयाचे मोल ठरवण्याची पद्धत अपुरी आहे. परभणी जिल्ह्यापुरते बोलायचे तर जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षक, टपाल व रेल्वे खात्यांतील कर्मचारी, तहसील कार्यालयातील कारकून आणि तालुक्याच्या न्यायालयातील वकील अशा अप्रसिद्ध माणसांच्या रूपाने महाविद्यालयाचा प्रभाव पसरला, आणि गावातील इतर समाजांनीही त्यांच्याकडे अर्ज लिहून घेण्यासाठी यावे अशी स्थिती एका पिढीत निर्माण झाली.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, म्हणजे ६ डिसेंबर १९५६ नंतर, नागसेनवनाचे स्वरूप अधिक स्पष्टपणे बौद्ध होत गेले. त्रिशरण म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याचे वचन, आणि पंचशील म्हणजे हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य व मद्य यांपासून दूर राहण्याचे पाच नियम. या दोहोंचे पठण सार्वजनिक कार्यक्रमांच्या आरंभी होऊ लागले. सुट्टीत गावी गेलेले विद्यार्थी हीच वंदना आपल्या वस्तीत शिकवू लागले. भिक्खूंची संख्या अत्यल्प असलेल्या त्या काळात जिल्ह्यातील अनेक वस्त्यांमध्ये बौद्ध पद्धतीचा विवाह किंवा अंत्यविधी लावण्याचे काम महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या तरुणाकडेच येत असे, हे त्या पिढीच्या घडणीतील महत्त्वाचे अंग आहे. वस्तीत वयाने लहान असलेल्या मुलाने पुस्तक हाती धरून विधी सांगायचा आणि वृद्धांनी तो हात जोडून ऐकायचा, ही घटना गावकीच्या जुन्या व्यवस्थेत कल्पनेबाहेरची होती.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केल्यावर मराठवाड्यात उसळलेल्या हिंसाचाराची झळ परभणी जिल्ह्यातील दलित वस्त्यांनाही बसली. घरे जळाली, अनेक कुटुंबांनी गाव सोडले आणि वसतिगृहातील विद्यार्थ्यांना गावाकडची खबर मिळेनाशी झाली. या काळात नागसेनवन हे नामांतर चळवळीचे एक प्रमुख केंद्र बनले. सभा, मोर्चे आणि अटकसत्रे यांमुळे अनेक विद्यार्थ्यांची शैक्षणिक वर्षे वाया गेली. त्याच वेळी नामांतराच्या बाजूने उभे राहिलेले इतर समाजांतील विद्यार्थी, प्राध्यापक आणि समाजवादी कार्यकर्ते हेही याच चळवळीचा भाग होते, ही नोंद केल्याशिवाय त्या काळाचे चित्र एकांगी राहील. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, म्हणजे जुन्या नावाला डॉ. आंबेडकरांच्या नावाची जोड मिळाली, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी जिल्ह्यातील वस्त्यांनी सोसले, त्या विद्यापीठाशी जिल्ह्याचा प्रशासकीय संबंध त्याच वर्षी संपला.

तोवर महाविद्यालयाचाही विस्तार झालेला होता. कला आणि विज्ञान शाखांची स्वतंत्र महाविद्यालये, विधी महाविद्यालय, वाणिज्य शाखा, हायस्कूल, शारीरिक शिक्षण आणि अभियांत्रिकी अशा संस्था नागसेनवनात उभ्या राहिल्या. विस्ताराबरोबर अडचणीही आल्या. सोसायटीच्या विश्वस्त मंडळातील वाद न्यायालयापर्यंत गेले आणि त्याचे परिणाम इमारतींच्या देखभालीवर व वसतिगृहांच्या व्यवस्थेवर दिसू लागले. दुसरीकडे परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, मानवत अशा तालुक्यांच्या ठिकाणी महाविद्यालये निघाल्यामुळे पदवीसाठी जिल्हा सोडण्याची गरज उरली नाही. मुलींच्या शिक्षणाच्या दृष्टीने हा बदल फार उपकारक ठरला, कारण मुलग्याला औरंगाबादेस पाठवणारे पालकही मुलीला तेवढ्या लांब ठेवण्यास राजी नसत. आता तालुक्याच्या गावी एस. टी. ने जाऊन-येऊन शिकणाऱ्या बौद्ध मुलींची संख्या वाढली. तथापि वेगवेगळ्या जिल्ह्यांतील, बोलींतील आणि समाजांतील विद्यार्थ्यांनी तीन-चार वर्षे एका छताखाली राहण्याचा जो लाभ नागसेनवनात होता, तो जाऊन-येऊन शिकण्यात मिळत नाही, आणि त्याची भरपाई तालुक्यातील महाविद्यालयांना करता आलेली नाही.

धम्मविषयक शिक्षणाची केंद्रेही या काळात जिल्ह्यातच उभी राहिली. त्यांपैकी पूर्णा येथील बुद्ध विहार हे भदंत डॉ. उपगुप्त महाथेरो यांच्या कार्यामुळे जिल्ह्याबाहेरही परिचित असून तेथे भरणाऱ्या बौद्ध धम्म परिषदेला मराठवाड्यातून उपासक-उपासिका येतात. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एका ठिकाणी राहण्याच्या काळात, जिल्ह्यातील विहारांत धम्मग्रंथांचे वाचन चालते, आणि ते वाचणारांत व समजावून सांगणारांत निवृत्त शिक्षक मोठ्या संख्येने असतात. त्यांच्यापैकी वयाने ज्येष्ठ असलेल्यांनी पालीचा पहिला पाठ आणि सभेत उभे राहून बोलण्याची पहिली संधी अनेकदा नागसेनवनातच घेतलेली असते.